बंधाऱ्याखालचा दहावा

भिमाजीची राख इंद्रायणीत सोडून माणसं परतली, तेव्हापासून भावकीत एकच कुजबुज सुरू होती : दहावा कुठं करायचा? एरवी घोणवाडीत हा प्रश्न कुणाच्या घरी पडत नसे. वाडीच्या वर, ओढ्याच्या कुशीत उंबराचं जुनं झाड होतं आणि त्याच्या सावलीत डोह. वाडीतल्या मेलेल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या तिथंच पिंड दिलेले. भर वैशाखातही त्या डोहाचं पाणी आटत नसे, आणि पिकल्या उंबरांसाठी कावळ्यांची तिथं सदाचीच दाटी. मेलेल्याचा जीव कशात अडकला नसेल तर कावळा पिंडाला शिवतो. उंबराखाली तो ताटकळत ठेवत नसे.

पण तो डोह बंद केला होता भिमाजीनंच.

डोहाच्या खाली हाकेच्या अंतरावर लोणावळ्याच्या म्युनिसिपालटीचा बंधारा होता. तिथून नळ खाली वाळूच्या हौदात उतरे आणि हौदात गाळलेलं पाणी गावाला जाई. भिमाजी त्या बंधाऱ्याचा राखणदार. नळाच्या तोंडावरच्या जाळीत अडकलेला पाला काढायचा, हौदातल्या वाळूवर शेवाळ धरलं की वरचा थर खरवडून धुवायचा, आणि पटकीची साथ येऊन गेल्यापासून पाण्यात जंतू मारायची पावडर सोडायची, हे त्याचं काम. पावडरीच्या वासानं लोक नाक मुरडत. "भिमाजी, तुझ्या पान्याला दवाखान्याचा वास येतो," असं कुणी म्हटलं की तो म्हणे, "हितंच घ्या वास. मंग दवाखान्यात जाया नको."

त्या साथीच्या वर्षी पटकीनं मेलेल्या एका माणसाचा दहावा डोहावर झाला होता. रिवाजाप्रमाणे त्याचं अंथरूण-पांघरूणही तिथंच धुतलं गेलं. आठवडा उलटला नाही तो खालच्या पेठेत घरोघर माणसं आडवी झाली. लोकांनी मरीआईचा गाडा ओढून शिवेपार नेला. भिमाजी गाड्याच्या मागं गेला नाही. तो ओढ्यानं वर चालत गेला, डोहाकाठी बराच वेळ उकिडवा बसून राहिला आणि परत आला तो वेगळाच माणूस होऊन. म्युनिसिपालटीनं पाटी लावली, बंधाऱ्याच्या वर कुणी उतरू नये. पाटी वाचता येणारी माणसं वाडीत थोडी, म्हणून भिमाजी स्वतःच पाटी झाला. वर ठाकरवाडीच्या बायका डोहावर धुणं धुवायच्या. त्यांच्या पाया पडून त्यानं त्यांना डोंगराला वळसा घालून पलीकडच्या झऱ्यावर जायला लावलं. म्हशी हाकलल्या. शिव्या खाल्ल्या. आणि पुढल्याच उन्हाळ्यात त्याची आई वारली, तेव्हा तिचा दहावा त्यानं बंधाऱ्याच्या खाली, तापलेल्या दगडधोंड्यात केला. तिथं कावळा फिरकला नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं मुकाट्यानं उठली.

भिमाजीचा धाकटा भाऊ गेणू त्या दिवसापासून बंधाऱ्याचं पाणी प्याला नव्हता. वाडीत म्युनिसिपालटीनं नळ दिला होता, तरी तो लांबच्या विहिरीवर जाई.

आता भिमाजीची मुलगी कस्तुरा कार्ल्याहून माहेरी आली होती, आणि दुखवट्यात घरी बसायच्या ऐवजी ती बंधारा सांभाळत होती. बदली माणूस सोमवारी येईल असं ओव्हरसियर सांगून गेला होता. सोमवार आला, माणूस आला नाही. तिचा धाकटा भाऊ सोपान रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये, त्याची पाळी चुकवता येईना. बंगले मुंबईच्या पाहुण्यांनी भरलेले, पाणी कमी, आणि पाणी काही सुतक पाळत नाही. लहानपणी बापाच्या मागं हिंडून ती हे सगळं शिकली होती. हात आपोआप चालत. जाळी साफ करताना मात्र तिला वाटे, मागून आबांचा खाकरा ऐकू येईल. येत नसे. ती दुसऱ्या बाजूचा पाला काढू लागे.

नळावर शेजारची नंदाबाई भेटली तर म्हणाली, "समद्या लोनावळ्याला सुतकातलं पानी पाजलंस की गं कस्तुरे! बामनआळीत कळलं तर पंचगव्य पुरायचं न्हाई."

"त्या पावडरीच्या वासाफुडं सुतक कुनाला कळतंय," कस्तुरा म्हणाली. दोघी हसल्या. हसल्यावर कस्तुराला तिथंच हंड्यावर डोकं टेकून झोपावंसं वाटलं.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी गेणू ओट्यावर येऊन बसला. त्यानं पायताण काढलं नाही, म्हणजे भांडायलाच आला होता.

"उद्या उंबराखाली करायचं," तो म्हणाला. "भटाला, न्हाव्याला सांगितलंय."

"नाना, आबांनी तिथं कुनाला करू दिलं न्हाई."

"त्येनं न्हाई करू दिलं. आता तो हाय का आडवाया?" गेणूचा आवाज चढला. "आईला दगडात बसिवलं. कावळा शिवला न्हाई. माझी आई कुटं फिरती आसंल, म्हाईत हाय तुला? आता ह्येला बी तितंच? जल्मभर गावाला पानी पाजलं, आन्‌ त्येच्या पिंडाला वल नसावी?"

सोपान खाली बघत पायाच्या बोटानं माती उकरत होता. "आक्का," तो हळूच म्हणाला, "एक दिसाचं तर हाय. कुनाला कळतंय?"

 खरं सांगायचं तर कस्तुराला भांडायचं नव्हतं. तिलाही उंबराची सावली हवी होती. बापाला शेवटचं पाणी द्यायचं ते गार, वाहतं, झाडाखालचं द्यावं असं तिच्याही मनात होतं. मरताना आबा काही बोलले असते तर बरं झालं असतं. ते नुसते छताकडं बघत पडून होते. आणि पावडर सोडली का, एवढंच काय ते त्यांनी विचारलं होतं.

"सकाळी बघू," ती म्हणाली. थकलेलं माणूस यापेक्षा जास्त काय म्हणणार? गेणूनं ते होकारासारखं घेतलं.

सकाळी ती बंधाऱ्यावरची कामं उरकून ओढ्यानं वर गेली. सगळे आधीच जमले होते. भटजी तीळ-दर्भ मांडत होते, न्हावी दगडावर वस्तरा परजत होता. सोपान उघड्या अंगानं डोहाच्या काठावर बसला होता. बाजूला आबांची घोंगडी आणि शेवटच्या दुखण्यातल्या चादरी गाठोडं बांधून ठेवलेल्या. वर उंबरात कावळे कलकलत होते. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत.  होऊन जाऊ दे, कस्तुराला वाटलं. होऊन जाऊ दे एकदाचं.

तेवढ्यात पलीकडच्या पायवाटेवर ठाकरवाडीची बाया नावाची बाई उभी राहिली. डोक्यावर धुण्याची पाटी. ती रोजच्यासारखी डोंगराचा वळसा घालून झऱ्याकडं निघाली असणार, माणसं बघून थांबली.

"काय बघतीस गं?" गेणू ओरडला. "जा आपल्या वाटंनं."

बाया गेली नाही. ती कस्तुराकडं बघून म्हणाली, "बाबांचं व्हय?"

"व्हय," कस्तुरा म्हणाली.

"हितं?"

 बायानं पाटी उतरवून कमरेवर घेतली. "आमास्नी बाबा न्हाई म्हनलं व्हतं. पाया पडलं आमच्या. म्हातारं मानूस पाया पडलं म्हनून आमी त्यो डोंगुर तुडिवतो रोज. तवा इचारते. आजपास्नं व्हय का?"

"मेलेल्याचं येगळं असतं, बाये," गेणू म्हणाला.

"आमचीबी मरत्यात," बाया म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. खरंच विचारत होती. हो म्हटलं असतं तर उद्या ती पाटी घेऊन डोहावर आली असती, आणि तिच्या मागून सगळी ठाकरवाडी. मग त्यांना कोण कुठल्या तोंडानं अडवणार होतं? म्युनिसिपालटीची पाटी अडवणार होती?

कस्तुरा पुढं झाली. न्हाव्याला म्हणाली, "भाऊ, वस्तरा पुसून ठेवा." मग वाकून तिनं पिंडाच्या भाताचं ताट उचललं, घोंगडीचं गाठोडं काखेत मारलं आणि ओढ्यानं खाली निघाली.

"कस्तुरे!" गेणू मागून ओरडला. "बापाचं वाटुळं करतीस! त्येचा जीव टांगून ठिवतीस!"

ती थांबली नाही. थांबली असती तर तिला परत चालता आलं नसतं. तिच्या मागून पावलं वाजू लागली, ती सोपानची. मग भटजींची, पुटपुटत आलेली : "ऊन होतंय, जिथं करायचं तिथं करा बुवा." मग बाकीच्यांची.

बंधाऱ्याच्या खाली ओढा म्हणजे नुसते दगड. मधूनच एखाद्या खळग्यात हिरवट पाणी. झाड नाही, सावली नाही.

"निदान चावी तरी फिरीव," गेणू दम खात म्हणाला. "गाळाची चावी सोडली की पानी येतंय खाली. आंघुळीपुरतं तरी."

"बंधाऱ्यात पानी न्हाई, नाना. आज सोडलं तर सांच्याला पेठंत नळ कोरडा."

गेणू तोंड फिरवून दगडावर बसला.

वाडीच्या नळावरून हंड्यांनी पाणी आणायचं ठरलं. कस्तुरा निघाली, तर बाया आधीच तिथं उभी. धुण्याची पाटी कडेला ठेवून तिनं दुसरा हंडा उचलला. दोघींनी खेपा केल्या.  वाटेत एकदाच बाया म्हणाली, "बाबा लय चिडकं व्हतं." कस्तुरा म्हणाली, "घरात बी." एवढंच. सोपानचं डोकं झालं, हंड्याच्या पाण्यानं आंघोळ झाली, अंथरूण तिथंच खाली धुतलं गेलं. बाया पाटी उचलून निघाली, ती डोंगराच्या वळशाकडं.

पिंड दगडावर ठेवून सगळे मागं सरकले आणि वाट बघू लागले.

वर उंबरात कावळे होते, त्यांची कलकल इथवर ऐकू येत होती. खाली एकही येईना. सोपान हात जोडून म्हणाला, "आबा, घराचं मी बघतो. काळजी करू नका." कावळा नाही. कुणी म्हणालं, म्हैस विकणार नाही म्हणा. तेही म्हणून झालं. कुणी कस्तुराला म्हणालं, "तू बोल गं. तुझ्यातच जीव व्हता त्येचा." तिनं खूप आठवून पाहिलं. आबांना काय हवं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि ते सकाळीच करून झालं होतं. "पावडर सोडली, आबा," ती शेवटी म्हणाली. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. ऊन माथ्यावर आलं. भटजींनी दर्भाचा कावळा वळला, पिंडाला लावला. माणसं चटके बसणाऱ्या पायांनी घराकडं निघाली.

गेणू मात्र उठला नाही. "तुमी जावा," म्हणाला. "मी बसतो. येईल."

घरी पंगत उठली, भांडी झाली, तरी गेणू आला नव्हता. कस्तुरा खाली गेली, तर तो तिथंच, डोक्यावर उपरणं, पिंडापासून थोडा लांब. भातावर मुंग्या लागल्या होत्या. येताना तिनं नळावरून तांब्या भरून आणला होता. तो तिनं त्याच्याजवळ ठेवला आणि शेजारच्या दगडावर बसली.  कावळा उंबरांसाठी वर जातो, इथं झाड नाही म्हणून येत नाही, हे ती सांगू शकली असती. ते खरंही होतं. पण त्या खऱ्याचं गेणूनानांनी काय करायचं?

"आईचा बी न्हाई शिवला," गेणू म्हणाला. त्याचे ओठ सुकून पांढरे झाले होते. "ह्येचा बी न्हाई. दोघं बी रुसली आपल्यावर."

"असं म्हनू नका, नाना."

"तू बरूबर केलंस आसंल. दादानं बी केलं आसंल. मला काय कळतंय. पर दोगं बी ऊन खात बसलीत की गं हितं."

बोलता बोलता त्याच्या गळ्यातून आवाज फुटला आणि तो लहान पोरासारखा रडला. इतक्या दिवसांत त्या घरात कुणी मोकळेपणानं रडलं असेल तर ते तेवढंच. कस्तुरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचे डोळे कोरडेच राहिले. तिला नुसती झोप येत होती.

मग गेणूनं उपरण्यानं तोंड पुसलं, तांब्याकडं बघितलं. वास घेतला. नाक मुरडलं. तांब्या उचलून तो वाकत वाकत पिंडापाशी गेला आणि बारीक धार धरून त्यानं भाताच्या कडेनं पाणी सोडलं.

"घे दादा," तो म्हणाला. "तुझंच पानी हाय."

तळाशी घोटभर उरलं होतं. ते तो प्याला.