लेकीच्या दारातल्या बाटल्या

लग्नाचा मांडव सोमवारी उतरला आणि मंगळवारी सकाळी आकाराम मास्तर हातगाडीवर कोल्ड्रिंकची खोकी लादून लक्ष्मीपुरीत गुंडूच्या वखारीवर गेले. गुंडू दारातल्या फळीवर बसून बिडी ओढत होता. त्याने एका खोक्यातली रिकामी बाटली उचलली, तिच्या तोंडावरून बोट फिरवून काच उडालीय का पाहिलं आणि ती परत ठेवली.

"मास्तर, बाकीचा माल?"

"येतोय. निम्मा आणलाय."

"यीऊ द्या. पण शनवारी सकाळी कंपनीची लारी येत्या. रिकाम्या बाटल्या तिच्यात चढल्या तर मला डिपाझिट सुटतंय, आन् मी तुमचं सोडतो. लारी गेली की मग माझ्या हातात काय न्हाय."

"आणलेल्यांचं तरी आज दे."

"एकदाच हिशोब करू की. तुटल्याफुटल्याचं कापून घीन. पण माल समोर दिसाय पायजे."

मास्तर मान हलवून रस्त्याला लागले. वखारीत त्यांनी तोंडावर काही दिसू दिलं नव्हतं, पण कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी शनिवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

कोल्ड्रिंकची हौस सोयऱ्यांची. मार्गशीर्षातलं लग्न, सकाळी तोंडातून वाफ निघत होती, तरी मुलाकडच्यांनी बैठकीतच सांगून ठेवलं होतं की चहाबिहा नको, पाहुण्यांच्या हातात बाटली पाहिजे. ऊसवाली माणसं. शिरोळकडच्या नदीकाठची काळी रानं, दारात ट्रॅक्टर. मास्तरांच्या कालिंदीला असं घर मिळतंय म्हणून गल्लीतली माणसं मास्तरांना थांबवून बोलत. मास्तर हो म्हणाले. मग कळलं की कोल्ड्रिंकच्या पैशांपेक्षा काचेच्या बाटल्यांचं डिपॉझिटच मोठं आहे. तोवर मास्तरांचा हात पार रिकामा झाला होता. बायको विमलच्या अंगावरचं सोनं मोडून मुलीच्या अंगावर घातलेलं. सोसायटीचं कर्ज उचललेलं.

घरात पैसे होते ते एकाच ठिकाणी. मास्तर मॅट्रिकचे वर्गशिक्षक. मुलांनी आणून दिलेली बोर्डाच्या परीक्षेची फी त्यांच्या कपाटात, कापडी पिशवीत. कुणाचा बाप फौंड्रीत, कुणाची आई मंडईत भाजी विकायला बसणारी. महिनाभर मागे लागून मास्तरांनी ती फी गोळा केली होती. शनिवारी दुपारी शाळेचा कारकून ती घेऊन पुण्याला बोर्डात जाणार होता. मास्तरांनी विचार केला, रविवारी लग्न, मंगळवारी बाटल्या परत, पैसे जिथल्या तिथे. कुणाला कळायचंही नाही.

पण वरात निघताना मुलाच्या चुलत्यांनी उरलेली खोकी ट्रॉलीत चढवायला सांगितली. वाटेत पोरं पितील म्हणाले. लेक रडत होती, बायको रडत होती. अशा वेळी मुलीचा बाप बाटल्या मोजत बसतो काय? मास्तरांनी स्वतः एका खोक्याला हात लावून ते वर चढवून दिलं होतं.

मंगळवार-बुधवार त्यांनी मंगल कार्यालयाचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. मांडवामागच्या गटारात काही बाटल्या सापडल्या, त्या हात घालून काढल्या. आचाऱ्याकडे दोन मिळाल्या. गुरुवारी शाळेत शिकवताना खडू त्यांच्या हातात नुसताच राहिला आणि मुलं वाट बघत बसली. त्या दिवशी हेडमास्तर व्हरांड्यात भेटले तेव्हा सहज म्हणाले, "फी शनिवारी अकराला द्या म्हणजे झालं." मास्तर "हो सर" म्हणाले आणि आपलाच आवाज आपला नाही असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी कोट काढला नाही. "उद्या कालिंदीकडं जाऊन येतो," ते म्हणाले.

विमल चुलीपुढून वळली. "आत्ता? मांडवपरतणीला आठवडा हाय अजून."

"बाटल्या आणायच्यात."

"बाटल्या?" तिला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ती उठून उभी राहिली. "अहो, लेकीच्या दारात रिकाम्या बाटल्या मागाय जाणार तुम्ही? पाच दिवस न्हाय झाले पोरीला जाऊन. जाऊ दे तिकडं ते डिपाझिट. आपण एक महिना कमी खाऊ."

"ते डिपॉझिट आपलं नव्हं, विमल."

मग त्यांनी तिला कपाटातल्या पिशवीचं सांगितलं. विमल ऐकत राहिली. भाकरी तव्यावर करपली तरी तिने उलथली नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "त्या पोरांनी काय करायचं मग?" आणि आत जाऊन कोनाड्यातली दोन रिकामी पोती झटकून आणून त्यांच्यापुढे ठेवली.

शुक्रवारी पहिल्या एस्टीने मास्तर निघाले. पोती पिशवीत तळाशी घालून वर त्यांनी पेढ्यांचा पुडा ठेवला होता. वाटभर त्यांनी मनात वाक्यं जुळवली. सहज या बाजूला काम होतं. आलोच आहे तर म्हटलं. प्रत्येक वाक्य बाटल्यांपाशी आलं की अडखळत होतं.

विहीण चिमणाबाई दारातच होत्या. भरल्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. "आं? पावणं? न सांगता-सवरता?" त्या हसल्या, पण डोळे मास्तरांच्या चेहऱ्यावरच राहिले. "सगळं बरं हाय न्हवं?"

"बरं हाय. सहज आलो."

घरातली पुरुषमाणसं ऊसतोडीला गेली होती. सोप्यात घोंगडं अंथरलं गेलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, म्हणून मास्तरांनी चहाला हात जोडले. कालिंदी आतून आली, डोक्यावर पदर, कोपरापर्यंत हिरवा चुडा, हातांची हळद अजून गेली नव्हती. ती वाकून पाया पडली. "आई बरी हाय?" तिने हळूच विचारलं. "बरी हाय," मास्तर म्हणाले. बापाकडे एकदा नीट पाहून ती चौकटीच्या आत जाऊन उभी राहिली.

मास्तरांची नजर तोवर घरभर फिरून आली होती. बाटल्या सगळीकडे होत्या. चुलीजवळच्या फळीवर गोडं तेल भरलेल्या. कोनाड्यात रॉकेलच्या. गोठ्याच्या दारात एक बाटली बैलाला औषध पाजून आडवी टाकलेली. परसात खोकी रचली होती आणि त्यांवर शेणी थापून वाळत घातल्या होत्या. काच या घराला किती उपयोगी पडली होती.

"विहीणबाई," मास्तर म्हणाले आणि थांबले. चिमणाबाई वाट बघत होत्या. "लग्नातल्या त्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. त्या दुकानदाराच्या आहेत. परत द्याव्या लागतात."

"बाटल्या?"

"रिकाम्या. त्याच न्यायला आलोय."

चिमणाबाईंचं हसू जागच्या जागी राहिलं. शेजारची एक म्हातारी दारात येऊन टेकली होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "म्हंजे आमी चोरून आणल्या म्हणा की."

"तसं नव्हं, विहीणबाई."

"मग कसं? तुमीच चढीवल्या न्हवं ट्रालीत? सगळ्या वऱ्हाडानं बघितलंय. आन् आज पाचव्या दिवशी बाप लेकीच्या दारात रिकाम्या बाटल्या गोळा कराय येतोय. गावात तोंड कसं दावायचं आमी? उद्या रुखवतातली भांडी बी परत मागशिला."

"नेतो" म्हणायचं की "राहू देत" म्हणायचं, हेच मास्तरांना ठरवता येईना. "राहू देत" म्हटलं तर उद्या वर्गात कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

"न्याच सगळ्या," चिमणाबाई म्हणाल्या. "एक बी ठेवू नगासा. आन् लेकीला बी न्या बरूबर. तिचं बी काय डिपाझिट ठेवलं आसंल तर सोडवून घ्या."

चौकटीत बांगड्या वाजल्या. मास्तर घोंगड्यावरून उठले, पण उठून जायचं कुठे ते न कळून तिथेच उभे राहिले.

"ते पैसे माझे नाहीत," ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की दारातली म्हातारी पुढे वाकली. "शाळेतल्या मुलांच्या परीक्षेची फी होती. ती मी डिपॉझिटला भरली. उद्या ती भरली नाही तर मुलांना परीक्षेला बसता येणार नाही. त्यांचं वर्ष जाईल. माझी नोकरीही जाईल, पण त्याचं मी भोगीन."

आपण हे लेकीच्या देखत बोललो, हे मास्तरांना बोलून झाल्यावर उमगलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

आतून तेल ओतल्याचा आवाज आला. कालिंदीने फळीवरची पहिली बाटली किटलीत रिकामी केली होती. मग दुसरी. कोनाड्यातली रॉकेलची बाटली तिने डब्यात उपडी धरली. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती तशीच उभी राहिली. सासूला विचारलं नाही, बापाकडे बघितलं नाही. ओच्यात भरून तिने बाटल्या परसात नेल्या, चुलीतली राख घेतली आणि हौदाशी घासायला बसली.

मास्तर तिच्यामागे गेले. धोतराचा सोगा खोचून ते तिच्याशेजारी उकिडवे बसले. ती राखेने घासायची, ते पाण्याने विसळायचे. कुंपणापलीकडे दोन-तीन बायका येऊन बघत राहिल्या होत्या.

"आबा, मला तवाच सांगायचं होतं," कालिंदी म्हणाली. "मी यांना नको म्हटलं असतं. थंडीत कोण पितंय कोल्ड्रिंक?"

तिची हळद राखेत मिसळून काळी होत होती, तिकडे मास्तर बघत राहिले.

दुपारी जावई बाळासो ऊसतोडीवरून आला. कुणीतरी वाटेतच त्याला सांगितलं असावं, कारण त्याने काही विचारलं नाही. त्याने खोक्यांवरच्या शेणी बाजूला केल्या, चार घरं फिरून पोरांनी नेलेल्या बाटल्या काढून आणल्या. मग पाचटाचा भारा सोडून प्रत्येक बाटलीभोवती पाचट गुंडाळून पोत्यांत आणि खोक्यांत भरल्या. फक्त एकदा, आई आत आहे असं बघून, तो मास्तरांना म्हणाला, "बाटल्यांचा हट्ट माझाच हुता, मामा. दोस्तांनी भरीस घातलं."

निघताना चिमणाबाई बाहेर आल्या. गोठ्यातली ती औषधाची बाटली त्यांच्या हातात होती. त्यांनी ती पोत्यावर ठेवली. "एस्टी चुकंल," त्या म्हणाल्या आणि मास्तरांनी हात जोडायच्या आत वळून गेल्या. कालिंदी उंबऱ्यापर्यंत आली. पुढे आली नाही.

बाळासोने माल एस्टीच्या टपावर चढवून दिला. खड्ड्याखड्ड्याला वरून काच किणकिणायची आणि दर वेळी मास्तर मान वर करून टपाकडे बघायचे.

शनिवारी सकाळी गुंडूने सगळा माल फळीवर मांडून घेतला. बाटली उचलायची, तोंड बघायचं, वास घ्यायचा. रॉकेलच्या बाटल्यांपाशी तो थांबला. राखेने दोनदा घासूनही वास गेला नव्हता. "या न्हाय चालायच्या, मास्तर. कंपनी माझ्या थोबाडावर मारंल." मास्तरांनी वाद घातला नाही, गयावया केली. लारीचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. गुंडूने बऱ्याच घेतल्या, वासाच्या आणि कड उडालेल्या बाजूला काढल्या आणि तेवढं कापून पैसे हातात ठेवले.

ते पुरे नव्हते. विमलने सकाळीच शेजारणीकडे शिवणाचं मशीन गहाण टाकलं होतं, तरीही थोडे कमीच पडत होते. आता मागायला दार उरलं नव्हतं.

अकरा वाजता मास्तर हेडमास्तरांच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. हेडमास्तर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी आपलं पाकीट काढून कमी पडलेली रक्कम पिशवीत टाकली आणि पिशवी कारकुनाकडे पाठवली. "पोरं परीक्षेला बसतील," ते म्हणाले. "सोमवारपासून मॅट्रिकचा वर्ग तुमच्याकडे नसेल. खालचे वर्ग घ्या. कारण मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका." त्यांनी मास्तरांना बसा म्हटलं नाही.

मांडवपरतणीला लेक-जावई आले, पण मुक्काम न करता संध्याकाळच्या गाडीने परत गेले. संक्रांतीला विमलने हलव्याचे दागिने केले, तिळाच्या वड्या थापल्या, काळं लुगडं आणून ठेवलं. पहिली संक्रांत माहेरी करायची म्हणून ती सकाळपासून दारात ये-जा करत होती.

दुपारी बाळासो एकटाच आला. त्याने टोपी काढली, वाण म्हणून आणलेला गुळाचा रवा, एक अख्खी ढेप, खाली ठेवला. "आई म्हणाली, यंदा नगं," तो म्हणाला. "आई गप हाय, पर गावातल्या बाया अजून बाटल्यांचं बोलत्यात. तिला ते लागतंय. उन्हाळ्यात आणतो मी कालिंदीला. नक्की आणतो."

"कालिंदी काय म्हणती?" विमलने विचारलं.

"ती काय न्हाय म्हणत."

विमलने हलव्याचे दागिने फडक्यात बांधून त्याच्या हातात दिले. मास्तर त्याला पोचवायला स्टँडपर्यंत गेले. गाडी सुटायला वेळ होता. बाळासोने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "मामा, पोरं बसली न्हवं परीक्षेला?"

"मार्चमधे बसतील," मास्तर म्हणाले. "फी पोचली."

बाळासोने मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली. गाडी दिसेनाशी झाल्यावरही मास्तर फलाटावर तसेच उभे होते.