घसरवणारा बाक

मित्रांनो, एका आजींच्या पत्राला कितीतरी महिने उत्तर गेले नाही. पत्र माझ्याविषयी होते. पण मी एक जुना बाक आहे, मला लिहिता कुठे येते? माझे बोलणे तुम्ही ऐकाल याचीही खात्री नाही. तरी सांगतो.

मी आहे तो महाल एका धर्मगुरूंचा. मला घडवताना त्यांनी सुताराला बजावले, "पुढचे पाय दोन बोटं आखूड ठेव. अर्जदार ऐसपैस बसले की उठायचं नाव घेत नाहीत." तेव्हापासून माझ्यावर बसणारा प्रत्येक जण पुढे घसरत राहिला. लोक टाचा रोवून दिवसभर गुरूंच्या बंद दाराकडे बघत. मला त्या दाराचा राग येई. स्वतःचाही येई.

पुढे महालाचे संग्रहालय झाले. गुरूंच्या मखमली खुर्चीला काचेची पेटी मिळाली. मला मिळाली दोरी आणि पाटी : 'येथे गुरुमहाराज गोरगरिबांना प्रेमाने बसवीत. बसू नये.'

एके दिवशी त्या आजी आल्या. पाटी वाचली, दोरी ओलांडली आणि सरळ बसल्या.

"ओ आजी, उठा! वाचता येत नाही का?" पहारेकरी खेकसला.

"वाचलं म्हणूनच बसले! आई गेली, तेव्हा तिला दफनभूमीत जागा द्या म्हणून बाबा इथंच बसले होते. मी त्यांच्या मांडीवर, सारखी घसरत. दार उघडलंच नाही."

"जुन्या गोष्टी त्या. सोडा आता."

"गोष्ट जुनी, मग खोटी पाटी नवी कशाला?"

त्यांना बाहेर काढले. घरी जाऊन त्यांनी लिहिले, 'माझे डोळे मिटायच्या आत ती पाटी काढा.' संग्रहालयाच्या अधीक्षकांनी पत्र फायलीखाली सारले.

दुसरे पत्र आले तेव्हा ते भडकले. "काय चिवट बाई आहे! दोन ओळींत गप्प करतो." त्यांच्या खोलीत रंगकाम चालले होते, म्हणून कागद घेऊन ते माझ्यावरच बसले. 'पाटीतील मजकूर योग्य आहे,' एवढे लिहिले आणि घसरले. मागे सरकले, पुन्हा घसरले. टाचा रोवल्या. समोर तेच बंद दार होते. मग त्यांनी वाकून माझ्या पायांना बोटे लावून पाहिली. पुढचे पाय दोन बोटे आखूड भरले.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. आमच्या नावावर खोटे मात्र खपवू नका. माझा राग गेलेला नाही. पण त्या दुपारी पहिला कागद फाटला, पाटीचे खिळे निघाले आणि 'पाटी काढली. नवी काय लिहायची, ते तुम्ही येऊन सांगा,' एवढे उत्तर घेऊन अधीक्षक स्वतः टपालपेटीपर्यंत चालत गेले.