‘बाकी सगळं बरं’नंतरचे भोंगे

मी कॅसेट बोलतेय. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा कान जरा लांबच ठेवा. इंग्लंडातल्या दोन पोरांनी यंत्रांच्या पसाऱ्यात बसून मला घडवलं. गाणं म्हणावं असं फारसं नाहीच. नुसते ढोल, धडधड आणि मध्येच उठणारे भोंगे. याला ‘बिग बीट’ म्हणतात, आणि मला त्याचा भारी गर्व होता.

शहाण्णव साली नुमानने मला बहारीनमध्ये, मनामाच्या एका दुकानातून आणलं. तो जवळच्या अरादला भाऊ शब्बीर आणि भाबी अकीला यांच्याकडे राहायचा. त्याच्या जुन्या कोरोलात मी लागले की दारं थरथरायची आणि सिग्नलला शेजारचे गाडीवाले काचा वर करायचे. मला कोण आनंद व्हायचा!

अकीलाला मात्र मी डोळ्यांसमोर नको असे. कॅसेटचा तिचा उपयोगच वेगळा. टू-इन-वनसमोर बसून ती दापोलीकडच्या गावी आईसाठी निरोप भरायची आणि सुटीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवून द्यायची. आईला मोतीबिंदू झाला होता आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती. या वयात बघायचं तरी काय उरलंय, म्हणायची. तिची नजर कायमची जाईल, या धास्तीने अकीलाला झोप लागत नसे.

एका शुक्रवारी शेजारचे जैनुद्दीन दुपारच्या विमानाने गावी निघाले. घरात कोरी कॅसेट नव्हती, दुकानं नमाजासाठी बंद आणि नुमान मशिदीत. भरलेल्या कॅसेटवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून कडेला भोकं असतात; अकीलाने माझ्या त्या भोकांवर सेलोटेप चिकटवली आणि लाल बटण दाबलं. मी बोंब ठोकली, पण ऐकतो कोण? माझे ढोल पुसत तिचा आवाज माझ्यावर बसत गेला. ऑपरेशन कर म्हणून तिने आईला खूप विनवलं. मध्ये दोनदा बटण बंद करून डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, “बाकी सगळं बरं हाय. काळजी करू नको.”

माणसांचं हे मला कळतच नाही. माझी फीत अडकली तर मी चारचौघांत किंचाळते.

घाईत तिने मला तेवढ्यावरच बाहेर काढलं. पुढचे भोंगे तसेच राहिले.

गावात आईने मला लावलं. ऐकू कमी येतं, म्हणून आवाज पूर्ण वर. ‘काळजी करू नको’ संपलं आणि मी सूड उगवला. भोंगा, धडाम, धडधड! कोंबड्या कौलांवर चढल्या. मी खूश होते, पण म्हातारीचा पांढराफटक चेहरा बघितला आणि माझा सगळा माज उतरला. कुवेतच्या लढाईत बहारीनला हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजल्याचं तिने रेडिओवर ऐकलं होतं. पुन्हा लढाई पेटली आणि लेक तिथे अडकली, असंच तिला वाटलं.

ती तशीच फोनच्या बूथवर धावली. चिठ्ठीवरचा नंबर तिला दिसेना, शेवटी बूथवाल्याने फिरवून दिला. हे सगळं तिने नंतर गावभर सांगितलं, म्हणून मला ठाऊक. अकीला आधी घाबरली, मग प्रकार कळल्यावर पोट धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. सगळं बरं आहे, ते नुमानचं म्युझिक होतं, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

“आवाजावर माझा इश्वास नाय आता,” आई म्हणाली. “डोले करून घेते नि येऊनच बघते.”

ऑपरेशन झालं, व्हिजिट व्हिसा निघाला. तिच्या पिशवीत कोकमांखाली दडून मी पुन्हा बहारीनला, मुहर्रकच्या विमानतळावर उतरले. नवा चष्मा लावलेल्या आईने लेकीला जवळ ओढलं, तिच्या गालांवरून, मनगटांवरून हात फिरवला.

“आवाजात इतकी बारीक वाटत नव्हतीस गो.”

बाकी सगळं बरं आहे म्हणायला अकीलाने तोंड उघडलं, पण या वेळी ते जमलं नाही. व्हिसा संपेपर्यंत आईने तिला रोज समोर बसवून जेवायला लावलं.

आता मी स्वयंपाकघरातल्या खणात पडून असते. नुमान मला हात लावत नाही. अर्धी भाबी, अर्धे ढोल, असली कॅसेट गाडीत कोण लावणार? तुमच्याकडे अशी निरोपाची कॅसेट आली, तर माझं एवढं ऐका. ‘बाकी सगळं बरं’ ऐकलंत की लगेच बटण दाबू नका. थोडी पुढे चालू द्या. न जाणो, पुढे भोंगा वाजत असेल.