वाचलेली पंधरा मिनिटं

बोईसरच्या त्या शाळेत दिग्विजय सर खेळ शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत कॅन्टीनवर लक्ष ठेवायचे. सुट्टी पस्तीस मिनिटांची. जेवण वाढायला दांडी गावच्या रत्नाबाई. एका हातानं वहीत नाव शोधून खूण करायची आणि दुसऱ्या हातानं वाढायचं, त्यात रांग मुंगीच्या पावलानं सरकायची. मोठी पोरं पुढे घुसत आणि पाचवीतली मागे रेटली जात.

पाचवीतली रूपल मासवणहून यायची. सकाळी सहाच्या आधी घर सोडलेलं. एकदा घंटा झाली तेव्हा तिच्या ताटात आमटी-भात जवळजवळ तसाच होता. ती रडत नव्हती. तोंडात मावेल तेवढा भात कोंबून वर्गाकडे पळत होती. सरांच्या मनातून ते जाईना.

मग त्यांनीच मुख्याध्यापिका प्रियदर्शिनी मॅडमचा पिच्छा पुरवला. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड द्या, यंत्राजवळ नुसतं धरलं की नोंद, वही नकोच. मॅडमनी पुरावा मागितला. सरांनी धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ घेऊन आठवडाभर रांग मोजली. शेवटच्या पोराला ताट मिळायला चोवीस मिनिटं लागत होती.

दिवाळीनंतर यंत्र बसलं. कार्ड धरलं, टीं वाजलं, ताट हातात. सरांनी पुन्हा मोजलं. नऊ मिनिटं! रत्नाबाईंना दोन्ही हात मोकळे मिळाले. पाचवीच्या मुली जेवून वर लंगडी खेळू लागल्या. सरांनी तो नऊचा आकडा मोठ्या हौसेनं ऑफिसात लिहून दिला.

पंधरवडाभर हे सुख टिकलं. मग शिक्षकांच्या सभेत मॅडमनी सरांसाठी टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं वाचली. ती वाया कशाला घालवायची? सोमवारपासून सुट्टी वीस मिनिटं. उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षेचा तास."

सर उभे राहिले. "मॅडम, म्हणजे शेवटच्या पोराला जेवायला पुन्हा अकराच मिनिटं. आधीही तेवढीच होती."

"मग त्याचं काही नुकसान नाही ना झालं?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि आकडे तुमचेच आहेत, सर."

पालकांच्या गटावर त्या संध्याकाळी अभिनंदनाचा पाऊस पडला. एकाही घरातून तक्रार आली नाही.

सोमवारी सरांनी घंटा देणाऱ्या तात्यांना बाजूला घेतलं. "पाच मिनिटं उशिरा द्या. जबाबदारी माझी." चार दिवस ते खपलं. पाचव्या दिवशी बोलावणं आलं.

"शेवटचं कार्ड किती वाजता लागलं ते मला इथे दिसतं," मॅडम पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "बारा वाजून नऊ मिनिटं. मग घंटा वीसऐवजी पंचवीसला का?"

तात्यांना लेखी ताकीद मिळाली, सरांना तोंडी. सर माफी मागायला गेले तर तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर. दोन वर्षं रायली हायत माजी. परत नका सांगू."

रत्नाबाई भांडी आवरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आदी पोरं रांगेला शिव्या घालायची सर. आता तुमाला घालतात. मी कानानं ऐकलंय."

सरांनी एक ताट उचलून पुसायला घेतलं. पोरांचं चुकलं तरी कुठे होतं?

जानेवारीत संस्थेनं त्यांना पालघरच्या शाखेत पाठवलं, तिथल्या लोकांना यंत्र समजावून द्यायला. तिथं दीपिका मॅडम खेळ शिकवायच्या. नव्या उमेदीच्या. त्यांनी विचारलं, "पोरांना खरंच फायदा होतो का हो?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. "होतो. पण एक करा. रांग किती मिनिटांत संपते ते कुणी विचारलं तरी सांगू नका. मोजूच नका."

दीपिका मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी कपाटातून एक कागद काढून सरांपुढे ठेवला.

"नवं वेळापत्रक कालच छापून आलंय, सर. सुट्टी वीस मिनिटं. यंत्र तर अजून खोक्यातच आहे."