पोटाच्या जागी काळोख

करी रोडच्या त्या चाळीत मंडळाची खोली माणसांनी गच्च भरली होती, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. स्वरूपबाबा एकेकाला हिरव्या पडद्यापुढे, कॅमेऱ्यासमोर उभं करत. लॅपटॉपवर बोट पडलं की टीव्हीवरचा पडदा नाहीसा व्हायचा आणि माणूस मिट्ट काळोखात उभा दिसायचा.

"काळोखानं अंगाचा जो तुकडा खाल्ला, तिथं काळ बसलाय!" बाबा गरजले. कुणाचा खिसा गायब, म्हणजे धंद्यावर नजर. कुणाचा खांदा गायब, म्हणजे भावकीची करणी. बाबांकडे प्रत्येक भोकाला एक रोग आणि प्रत्येक रोगाला एक पुडी तयार होती.

मेघना थेट डोहाळेजेवणातून आली होती. सातवा महिना, अंगावर हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. सकाळपासून डोकं ठणकत होतं. सासूबाईंनी, मालनबाईंनी, तिच्या बीपीच्या गोळ्यांचं बाबांच्या कानावर घातलं आणि तिला पुढे केलं. टीव्हीवर वर चेहरा दिसला, खाली पावलं दिसली. मध्ये पोट नव्हतंच.

मेघनानं पोट घट्ट धरलं. आत बाळानं ढुशी दिली, तरी तिला टीव्हीवरचंच खरं वाटलं. भीती मेली अशीच असते.

"डॉक्टरी औषध बाळाला गिळतंय! बीपीच्या गोळ्या ह्या तांब्यात टाका, अंगारा घ्या!" बाबा ओरडले.

मालनबाईंनी पर्स उघडली.

"आई, थांब गं!" नणंद नूपुर पुढे घुसली. ती परळच्या ऑफिसात साड्यांच्या फोटोंमागची पार्श्वभूमी कॉम्प्युटरच्या कोडनं काढायची. तिनं आईच्या खांद्यावरची लाल शाल ओढून मेघनाला गुंडाळली. टीव्हीवर पोट परत आलं, चांगलं भरलेलं.

"देवीचा कोप होईल!" बाबा पडद्यापुढे धावले.

"होऊ दे. आधी सत्कार घ्या." नूपुरनं ओटीचा हिरवा शेला त्यांच्या अंगावर टाकला. टीव्हीवर नुसतं बडबडणारं मुंडकं उरलं.

"बाबा, तुमचं डोहाळेजेवण कधी आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

"हिरवं दिसलं की पूस, एवढंच कोडला सांगितलंय," नूपुर म्हणाली. "त्याला पडदा कळत नाय, साडी कळत नाय, बाळ तर नायच नाय. डोहाळेजेवणाला आपण हिरवंच नेसतो, हे बाबांना पक्कं ठाऊक. डोळ्यांनी बघितलंत ना? मग कसं दिसलं तेही विचारा. वहिनी, डोकं दुखतंय ना? चल, आत्ताच हॉस्पिटलात."

मालनबाई मात्र हलल्या नाहीत. त्या तांब्यात वाकून बघत होत्या. मेघनाच्या गोळ्या पर्समध्येच होत्या, तरी पाण्यात आधीच कुणीकुणी टाकलेल्या पांढऱ्या, गुलाबी गोळ्या विरघळत होत्या.

"कोणाच्या रे ह्या?" त्यांनी खोलीतल्या माणसांकडे वळून विचारलं. "लवकर बोला, मी ओरडणार नाय."