वादळानंतरचं गार पाणी

वादळ गेलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. धक्क्यावर उभा राहून भाऊ आपले सहा पिंजरे मोजत होता. सहाही जागच्या जागी, आत त्याने वर्षभर वाढवलेले मासे.

"ताई, सुटलो बघ! एक दोरसुद्धा तुटला नाही."

ताईचं लक्ष पाण्याकडे होतं. समुद्राच्या पाण्याचे थर मोजणाऱ्या केंद्रात ती अठरा वर्षं तंत्रज्ञ होती. केबलला बांधलेलं मापक तिने शेवटच्या पिंजऱ्याशेजारी पाण्यात सोडलं आणि हातातल्या पडद्यावरचे आकडे वाचू लागली. उन्हाळ्याच्या शेवटी इथे वरचं बारा मीटर पाणी कोमट असायचं. त्याच्याखाली गार, जड पाणी. दोन्ही एकमेकांत मिसळत नसल्यामुळे तळाशी प्राणवायू जेमतेम उरायचा. आज ते गार पाणी चार मीटरवरच लागलं.

"तळचं पाणी वर आलंय," ती म्हणाली. "दोन दिवस वारा जमिनीकडून वाहिला. वरचं कोमट पाणी त्याने समुद्रात लोटलं, त्याची जागा हे भरतंय. दुपारपर्यंत पिंजऱ्यांत शिरेल. मासे गुदमरतील."

"मग पिंजरे किनाऱ्याला ओढू."

"किनाऱ्यालाच तर ते वर येतंय. बाहेर, खोल समुद्रात न्यायचे."

"बाहेर? लाटा बघितल्यास का? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

तिने केंद्रातल्या साहेबांना फोन लावला. पिंजरे ओढायला केंद्राची लाँच हवी होती. साहेब म्हणाले, "अहो, वादळात पाणी ढवळलं जातं, प्राणवायू खाली पोचतो. मागच्या वर्षी तुम्हीच तसं लिहून दिलं होतं. उद्या मोजू परत."

"मागचं वादळ जोराचं होतं, सर. त्याने थर मोडले. याने फक्त तिरपे केलेत. उद्या मोजायला मासे नसतील."

साहेब म्हणाले, "लाँच न्या. पण जबाबदारी तुमची."

"माझीच."

तेवढ्यात काठाकडच्या पिंजऱ्यात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. भावाने पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन मागे घेतला. पुढे त्याने वाद घातला नाही. दोर सोडायला तो स्वतःच पिंजऱ्यावर उतरला.

लाँच चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज इंजिनालाही हार जायचा नाही. "हळू!" ताईने त्याला बजावलं. "माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. जाळं दुमडलं तर मासे चिरडतील."

"एवढ्या हळू तर माझी सासूसुद्धा चालत नाही!" भोंगा ओरडला, पण वेग त्याने कमीच ठेवला.

एका खेपेला दोन पिंजरे. ते एकामागे एक बांधलेले होते; बाहेरचे सुटल्याशिवाय काठाकडचे निघणार नव्हते. लाटा लाँचवर आपटत होत्या, ताई ओलीचिंब झाली होती. दर पाव तासाने मापक खाली जाई. कोमट पाणी सहा मीटर. मग नऊ.

"बस झालं की, ताई," भाऊ म्हणाला. "दोर तुटेल."

"अजून पुढे."

चौदा मीटरवर तिने हात वर केला. तिथे नांगर टाकून ते परतले. दुसरी खेप निघेपर्यंत साडेअकरा झाले. तिसरीसाठी परत आले, तेव्हा काठाकडचे दोन पिंजरे पांढरे दिसत होते. मासे पोट वर करून तरंगत होते.

भाऊ बराच वेळ पिंजऱ्याच्या कठड्याला धरून बसला. ताई त्याच्याजवळ जाऊन बसली. मग दोघांनी जाळी उचलली आणि मेलेले मासे काढायला घेतले. संध्याकाळपर्यंत ते काम पुरलं.

बाहेरचे चार पिंजरे जगले. चौथ्या दिवशी वारा फिरला आणि कोमट पाणी किनाऱ्याकडे परत आलं. ते आलंय हे ताईने दोनदा मोजून पाहिलं, मगच पिंजरे आत आणायला परवानगी दिली.

"असलं मापक मला घ्यायचंय," परतताना भाऊ म्हणाला.

"घे की. पण आधी आकडे वाचायला शीक," असं म्हणत तिने केबल त्याच्या हातात दिली. "सोड खाली. आणि दर मीटरला थांब, घाई करू नकोस."