कुंभारीचा उंचवटा

संगप्पाचं घर रस्त्याच्या अल्याड आणि पाण्याची विहीर पल्याड. कुंभारीतून जाणाऱ्या अक्कलकोट रस्त्यावर त्या सुमारास दगडाच्या ट्रकांची ये-जा वाढली होती. आईच्या मागोमाग विहिरीकडे पळालेली त्याची नात चंद्रव्वा अशाच एका ट्रकखाली गेली. ड्रायव्हरवर खटला झाला. गाडी किती जोरात होती हे कोर्टात कुणालाच धड सांगता आलं नाही. दंड भरून तो सुटला आणि त्याच आठवड्यात त्याच रस्त्यानं पुन्हा गाडी घेऊन गेला. संगप्पानं त्याला दारातून पाहिलं.

सरपंच आबासाहेबांना सोबत घेऊन तो सोलापूरला सरकारी ऑफिसात कितीदा तरी गेला. मोठ्या रस्त्यावर अडथळा घालता येत नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं आणि ‘सावकाश जा’ अशी पाटी लावून दिली. पुढं पोलीस आले. शाळेजवळून गाडी गेली की एक शिपाई रुमाल हलवायचा, दुसरा पुलाजवळ घड्याळात वेळ मोजून जोरात आलेली गाडी अडवायचा. पण समोरून येणारे ड्रायव्हर दिवे उघडझाप करून एकमेकांना इशारा द्यायचे. पोलीस असेपर्यंत गाड्या गोगलगायीसारख्या चालायच्या, पोलीस गेले की पुन्हा तेच.

चावडीवर यावर रोज वाद चालायचा. दंड दसपट करा, असं कुणी म्हणायचं. दंड वाढवून शिपायाचाच हप्ता वाढेल, असं दुसरा म्हणायचा. संगप्पा एकदाच बोलला.

“शिपायाला चहा पाजता येतो. रस्त्यात उंचवटा घातला, तर त्याला काय पाजतील?”

आबासाहेबांनी स्वतःच्या गाडीतून मुरूम पाठवला. भर दुपारी सारं गाव राबलं. दगड, मुरूम टाकला, वर पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट केला, चुन्याचे पट्टे ओढले. दुसऱ्या दिवसापासून ट्रक कुरकुरत, गिअर बदलत जाऊ लागले. संगप्पाची सून बसव्वा चंद्रव्वा गेल्यापासून प्रथमच ताठ मानेनं पाणी घेऊन आली. चार महिने कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पावसानं चुना धुऊन गेला. पुन्हा ओढायला पाहिजे, असं संगप्पा बरेच दिवस म्हणत होता. एका संध्याकाळी वळसंगचा शिंपी मल्लिकार्जुन बायकोला मागं बसवून फटफटीवरून घरी निघाला होता. दिवस मावळलेला, मातीचा रंग रस्त्याच्या रंगात मिसळलेला. फटफटी उडाली आणि त्याची बायको सिद्धम्मा मागच्या मागं डोक्यावर पडली. बसव्वा घागर टाकून धावली. तिनं सिद्धम्माचं डोकं मांडीवर घेतलं, पदर फाडून बांधला. सोलापूरच्या दवाखान्यात पोचण्याआधीच ती बाई गेली.

सकाळी फौजदार आले. हे कुणी घातलं, असं त्यांनी विचारलं. काल-परवापर्यंत उंचवट्याचं कौतुक करणारी माणसं खाली बघत उभी राहिली. संध्याकाळपर्यंत हे उखडा आणि ज्यानं घातलं त्यानं ठाण्यावर या, असं सांगून फौजदार गेले.

दुपारी आबासाहेब संगप्पाच्या घरी आले. चहा न घेताच बोलले. सगळ्यांची नावं ठाण्यावर गेली तर वीस घरं कोर्टात ओढली जातील, पोरांच्या नोकऱ्या जातील. नात तुझी होती, कोर्टही तुझ्याकडं मायेनं बघेल. वकील गाव देईल. ते चुकीचं बोलत नव्हते. नावं सांगितली तर याच गावात तोंड कसं दाखवायचं, आणि नाही सांगितली तर एका बाईचा जीव एकट्याच्या माथी. तो ठाण्यावर गेला आणि एकट्याच्या नावावर अंगठा उठवून आला.

मग कुदळ घेऊन रस्त्यावर गेला, तर उंचवट्यावर बसव्वा बसलेली.

“ऊठ पोरी,” तो म्हणाला.

“खोदा की मामा. पर उद्यापास्नं मी पानी कसं आनू, ते सांगा.”

“लोकाची बाई मेली, बसव्वा.”

“मला म्हाईत न्हाय व्हय? माज्याच मांडीवर डोकं हुतं तिचं.”

ती उठली नाही. त्यानं कुदळ दुसऱ्या टोकाला घातली. बऱ्याच वेळानं तिनं पाटी उचलली आणि निघालेला मुरूम कडेला टाकायला लागली. त्या दिवसापासून ती सासऱ्याशी बोलायची थांबली.

कोर्टात संगप्पानं गुन्हा कबूल केला. वय, नातीचं मरण बघून त्याला नुसता दंड झाला. ट्रकवाल्याला झाला होता तसाच. वकिलानं पाठ थोपटली. जिन्यात मल्लिकार्जुन उभा होता. ट्रकवाला सुटला तेव्हा आपण असेच उभे होतो, हे संगप्पाला आठवलं. त्या दिवशी आपल्याला काय ऐकायचं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना. तो खाली मान घालून स्टँडवर गेला.

अक्कलकोटची एसटी खचाखच भरली होती. त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटता सुटता मल्लिकार्जुन चढला आणि उरलेल्या एकाच जागेवर, त्याच्या शेजारी बसला. दोघांनी एकमेकांना ओळखलं. गाडी खड्ड्यातून गेली की खांदे एकमेकांवर आपटायचे. मल्लिकार्जुन समोर बघतच म्हणाला,

“आमची गाडी जोरात नव्हती.”

“नव्हती,” संगप्पा म्हणाला.

कुंभारी आली. उतरायचं तर या माणसाला पाय बाजूला घ्यायला सांगायला हवं होतं. संगप्पा बसूनच राहिला. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली. स्वतःचं घर खिडकीतून मागं जाताना त्यानं पाहिलं.

वळसंगला मल्लिकार्जुन उतरला, मागोमाग तोही उतरला.

“कुंभारी मागंच ऱ्हायली की,” मल्लिकार्जुन म्हणाला.

“व्हय.”

“परतीची गाडी हाय अजून.”

मल्लिकार्जुन घराकडं वळला नाही. तुमी जावा, असं संगप्पानं कसंबसं म्हटलं.

“घरी कोन वाट बघतंय?” मल्लिकार्जुन म्हणाला आणि स्टँडच्या कट्ट्यावर बसला.

संगप्पाला त्याच्याशेजारी बसवेना आणि तिथून निघून जाताही येईना. गाडी येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.